ताटातला चतकोर

मी तापट बाई आहे, हे आधीच सांगून टाकते. सासूबाई म्हणायच्या, हिच्या चुलीवर तवा नंतर तापतो, आधी ही तापते. खोटं कशाला बोलू, बरोबरच म्हणायच्या. आता जे सांगणार आहे त्यात माझा राग बराच आहे, आणि चूकही माझीच आहे.

लग्न होऊन सोलापुरात आले तेव्हा पहिल्याच दुपारी सासूबाईंनी मला ह्यांच्या ताटात बसवलं. म्हणजे हे जेवून उठले आणि त्याच ताटात मला वाढलं. तेव्हा आमच्याकडं घरोघरी तीच रीत. माझी आईसुद्धा वडिलांच्या ताटात जेवायची. पण आईला बघणं वेगळं आणि आपण बसणं वेगळं की! मी मॅट्रिक झालेली, दोन वेण्यांना रिबिनी बांधून शाळेत गेलेली मुलगी. परवा-परवा ओळख झालेल्या माणसाच्या उष्ट्या ताटात जेवायचं म्हटल्यावर घास नुसता तोंडात फिरायचा. सासूबाईंना वाटायचं, नवी सून लाजते.

चार दिवसांनी मी दाराआडून बघितलं. हे पाटावर बसले, ताट पुढं आलं, की आधी भाकरीचा चतकोर मोडायचे आणि ताटाच्या वरच्या कडेला ठेवायचे. त्याच्याशेजारी घासभर भाजी. चिमूटभर शेंगाची चटणी. मग पाण्याचा घोट घेऊन जेवायला लागायचे. जेवण संपेस्तोवर त्या कडेला बोटसुद्धा लागायचं नाही. म्हणजे ते उष्टं नव्हतंच. आधी माझं काढून ठेवायचं, मग आपलं खायचं, असा त्यांचा कारभार. मला मात्र एका शब्दानं सांगितलं नाही. त्या दिवसापासून माझा घास फिरायचा थांबला.

आमचे हे बोलणारे नव्हेतच. कुर्डुवाडीला रेल्वेच्या कारखान्यात फिटर होते. सकाळच्या गाडीनं जायचे, दिवसभर लोखंडाच्या ठणठणाटात काम करायचे, अंधारून आलं की घरी. घरात कन्नड आणि बाहेर मराठी, दोन्ही मिळून दिवसाला वीस शब्द खर्च होत असतील. माझं तोंड मात्र गिरणीसारखं. त्यामुळं घर गप्प आहे असं कुणाला वाटायचं नाही.

डबा चार भाकऱ्यांचा न्यायचे. संध्याकाळी धुवायला उघडला की खालच्या पुडात चतकोर असायचा. एकदा मी खेकसलेच. म्हटलं, "भूक एवढीच तर चार भाकऱ्या कशाला थापायला लावता?" बूट काढता काढता म्हणाले, "तुझं हाय की ते." कुर्डुवाडीपासून सोलापूरपर्यंत माझा चतकोर गाडीत बसून यायचा! उन्हाळ्यात तर त्याचा पत्रा झालेला असायचा. मी तो चहात बुडवून खायची. छत्तीस वर्षांत ह्यांनी मला कधी गजरा आणला नाही, साडी बरी दिसते म्हटलं नाही, आजारपणात उशाशी बसले नाहीत. तक्रार नाही करत, नव्हताच तो स्वभाव. पण कडेचा चतकोर चुकला नाही.

आमची मुलगी एकुलती एक. ती शाळेत होती तेव्हापासून ह्या ताटावरून माझ्याशी भांडायची. "आई, तुला स्वतःचं ताट नाही का? अप्पांच्या उष्ट्यात का जेवतेस?" मी म्हणायची, तुला नाही कळायचं. खरं म्हणजे मलाच नीट सांगता यायचं नाही. काय सांगणार? की ते उष्टं नसतं, काढून ठेवलेलं असतं? तिला ते तेवढंच वाईट वाटलं असतं. तिचंही चुकीचं नव्हतं. आमच्या शेजारच्या घरात बाईच्या वाटणीला खरोखरच खरकटं यायचं.

हे रिटायर झाले आणि दोन वर्षांत शुगर वाढली. चालणं सुटलं, खुर्ची सुटेना. नव्या चपलेनं अंगठ्याला छोटंसं घासलं, त्याची जखम झाली आणि ती भरेचना. डॉक्टरीणबाई तरुण, पण बोलायला सरळ. म्हणाली, "काकू, शुगर खाली आली तर अंगठा राहील. नाही आली तर अंगठ्यावर थांबेल याची खात्री मी देणार नाही." सकाळ-संध्याकाळ इन्सुलिन लिहून दिलं. मी दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना ह्यांच्या पायाकडं बघत होते. ज्या पायांनी तीस वर्षं गाडी पकडली ते पाय.

मुलगी बेंगळुरूला नोकरी करते. आठ दिवसांची रजा काढून आली ती वादळासारखीच. आल्या आल्या माझ्या फडताळात घुसली. साखर, गूळ, पापड, लोणचं, फरसाण, सगळं खाली उतरवलं. शेंगाची चटणी तिनं हातात घेतली तेव्हा मी म्हटलं, "ती तरी राहू दे गं बाई, सोलापुरात राहतो आपण." ती म्हणाली, "आठवड्यातून एक चमचा." फ्रिजवर तक्ता चिकटला. सकाळी काय, दुपारी काय, किती वाजता, किती ग्रॅम. स्वयंपाकघरात सोनाराकडं असतो तसला छोटा काटा आला. आणि दोन ताटं आली. नेहमीची नव्हेत, खणाखणांची. मोठा खण भाजीचा, एक डाळीचा, एक भाकरीचा, छोटा कोशिंबिरीचा.

जायच्या आदल्या दिवशी तिनं आम्हा दोघांना समोर बसवलं, जशी काय शाळाच. "हे अप्पांचं ताट, हे आईचं. ह्यापुढं कुणी कुणाच्या ताटात जेवायचं नाही. अप्पांचं इन्सुलिन त्यांच्या ताटाच्या हिशेबानं दिलंय. कळलं का अप्पा?" हे म्हणाले, "बरं."

खरं सांगते, मी मनातून खूश झाले. पन्नाशी उलटल्यावर स्वतःचं ताट मिळालं! पहिल्या दिवशी मी त्यात माझ्यासाठी गरम भाकरी वाढून घेतली, ठेचा घेतला, मीठ वरून घेतलं, आणि पाय पसरून एकटीनं जेवले. बरं वाटलं. कुणाला आवडो न आवडो, वाटलं ते वाटलं.

आणि ह्यांच्या पथ्यासाठी मी कंबर कसली. आधी मुलीच्या सांगण्यावरून ओट्सची लापशी केली. ती ह्यांनी अशा तोंडानं खाल्ली, की मलाच दया आली. मग फोनवर मुलगी म्हणाली, ज्वारीच सगळ्यात चांगली. म्हटलं, हे आधी सांगायचं होतंस, काखेत कळसा नि गावाला वळसा! मालदांडी ज्वारी घरात होतीच. मटकीला मोड आणायचे, चुका-पालक एकत्र शिजवायचा, घेवडा नुसता वाफवून जिऱ्याची फोडणी द्यायची, तीही एक चमचा तेलाची. जवसाची चटणी, काकडी-गाजराची कोशिंबीर, पातळ ताक. मीठ चिमटीनं. भाकरीचा उंडा काट्यावर ठेवून मग थापणारी बाई अख्ख्या सोलापुरात मी एकटीच असेन. एक ग्रॅम जास्त झाला तर नखानं पीठ काढायची. मला कुणी शाळेत एवढं गणित करताना बघितलं नव्हतं.

आणि एवढं करून हे ताटात टाकायला लागले.

पहिल्या दिवशी वाटलं, सवय नाही. दुसऱ्या दिवशीही तेच. भाकरीच्या खणात तुकडा, भाजीच्या खणात घासभर भाजी, डाळीचा तळ, कोशिंबिरीच्या चार फोडी. रोज, दोन्ही वेळेला. माझं डोकं फिरलं. मी इकडं काट्यावर जीव टांगून बसलेय, आणि ह्यांना चव नाही म्हणून नखरे! म्हटलं, "काय झालं? मीठ नाही म्हणून होय? मग अंगठा कापून टाका आणि खा खारट!" असं बोलले मी. आता आठवलं की जीभ हासडावीशी वाटते. ह्यांनी हात धुतला आणि बाहेरच्या खोलीत जाऊन कॉटवर आडवे झाले.

मग मी चव वाढवायच्या मागं लागले. लिंबू पिळलं, हिंग घातला, लसूण भाजून घातला. एकदा एक चमचा तेलात भरलं वांगं केलं, ते त्यांचं जीव की प्राण. तेही तेवढंच उरलं. ना कमी ना जास्त. मुलीला फोन केला तर ती हसली. म्हणाली, "अगं, चांगलंच आहे की. जपानात लोक थोडी भूक ठेवूनच उठतात, म्हणून तर शंभर वर्षं जगतात." घ्या! तीस वर्षं रेल्वेत काढलेला माणूस रिटायर होऊन जपानी झाला म्हणायचा.

उरलेलं मी खाल्लं नाही. का खाऊ? माझं ताट वेगळं, माझी भाजी वेगळी, तिखट-मिठाची. एक तांबडी गाय दुपारी आमच्या फाटकाशी यायची. तिला घालायची. महिन्याभरात गायीला वेळ पाठ झाली. मी ताट घेऊन दारात जायची आणि ती मान वर करून उभीच असायची. निदान हिला तरी माझ्या हाताची चव आहे, असं मी मोठ्यानं म्हणायची, कॉटवर ऐकू जाईल असं.

हळूहळू घरात बोलणंच राहिलं नाही. ह्यांचे वीस शब्द पाचावर आले, आणि माझंही तोंड मिटलं. भांडायला तरी समोरून काहीतरी यावं लागतं. मी साडेबाराला त्यांना वाढायची, ते जेवायचे, गायीला घालून आले की स्वयंपाकघराचं दार लोटून मी माझं जेवायची. दार लोटायचं कारण, माझ्या फोडणीचा वास त्यांच्यापर्यंत जायला नको. एका घरात दोन खानावळी. सासूबाई गेल्या तेव्हा मला त्या घरात एकटं वाटलं नव्हतं, मुलगी बेंगळुरूला गेली तेव्हाही नाही. ते त्या लोटलेल्या दाराआड वाटलं. ठेचा तिखट लागायचा बंद झाला. जेवायचं म्हणून जेवायची.

शुगर मात्र खाली येत होती. अंगठ्याची जखम कोरडी पडायला लागली. सकाळी बोट टोचून आकडा बघितला, की मी मुलीला कळवायची आणि ती अंगठा वर केलेलं चित्र पाठवायची. कधी आकडा फारच खाली दिसायचा. मला वाटायचं, जिंकलो! कमी म्हणजे चांगलं, एवढंच मला माहीत.

त्या दिवशी हे जेवून, थोडं पडून, चष्म्याची काडी बसवून आणायला सात रस्ता चौकात गेले. चालत गेले, डॉक्टरीणबाईनं चाला म्हणून सांगितलं होतं. चारच्या सुमाराला त्यांच्या फोनवरून फोन आला आणि आवाज दुसऱ्याचाच. "अम्मा, घबराव नक्को. चाचा हमारे दुकान में बैठे हैं. जरा चक्कर आया."

 चपला कुठल्या घातल्या तेही कळलं नाही. रिक्षानं पोचले तर चष्म्याच्या दुकानात स्टुलावर हे बसलेले, सदरा घामानं अंगाला चिकटलेला, तोंड राखेसारखं पांढरं. दुकानदार शेजारी उभा, हातात कप. म्हणाला, तीन चमचे साखर घालून चहा पाजला. आणि मी काय म्हणावं? "साखर? अहो, त्यांना शुगर आहे!" त्या भल्या माणसावर ओरडले मी. तो शांतपणे म्हणाला, "मालूम है अम्मा. मेरी अम्मी को बी ऐसाच होता. शुगर उतर गई की पसीना आता, आदमी गिरता. मीठा नै दिया तो जान जाती."  त्यानं रिक्षा बोलावली, ह्यांना हाताला धरून बसवलं. त्याचे आभारही मानायचे राहिले.

दवाखान्यात एक दिवस ठेवून घेतलं. ह्यांना सलाईन लावलं होतं. डॉक्टरीणबाईनं माझ्याकडून सगळं विचारून घेतलं. मी तक्ता पाठ म्हटला, मोठ्या ऐटीत. किती ग्रॅम, किती वाजता, तेल किती. ती म्हणाली, "एवढं सगळं बरोबर आहे, तर शुगर एवढी पडायला नको. ते सगळं खातात का?"

"कुठलं खातात! रोज टाकतात ताटात. चतकोर भाकरी, घासभर भाजी, डाळ. चव नाही म्हणून रुसवा."

"रोज?"

"दोन्ही वेळेला. सात महिने झाले."

तिनं पेन खाली ठेवलं. "काकू, हे मला आधी सांगायला हवं होतं. इन्सुलिन पूर्ण ताटाचं जातंय आणि पोटात पाऊण ताट. आज ते दुकानात बसलेले होते म्हणून निभावलं. रस्ता ओलांडताना झालं असतं तर?" मग ती ह्यांच्याकडं वळली. "काका, जेवण आवडत नाही का?"

"आवडतं की. लई चांगलं करते."

"मग भूक लागत नाही?"

"लागती."

"मग उरवता कशाला?"

हे चादरीकडं बघत राहिले.  मग म्हणाले, "ते तिचं असतंय."

डॉक्टरीणबाईला काही कळलं नाही. ती माझ्याकडं बघायला लागली. मला कळलं. अगं आई गं, कळलं मला. त्या मेल्या ताटाला कड नव्हती. खणाखणांच्या ताटात चतकोर ठेवायला वरची कड असते कुठं? म्हणून प्रत्येक खणात थोडं थोडं ठेवत होते. आणि नावडतं टाकणारा माणूस ताट चिवडून टाकतो, एवढं तरी माझ्या लक्षात यायला हवं होतं. ह्यांच्या ताटात उरलेलं कधीच चिवडलेलं नव्हतं. छत्तीस वर्षं ज्या माणसाचं ठेवलेलं खाल्लं, त्याचं ठेवलेलं मला ओळखू आलं नाही.

ती बाहेर गेल्यावर मी कॉटपाशी गेले. म्हटलं, "अहो, पण माझं ताट वेगळं झालं ना? तुमच्यासमोरच सांगितलं पोरीनं. तुम्ही बरं म्हणालात."

"ताट वेगळं म्हणाली. ठेवू नका म्हणाली नाही."

"मी ते खात नव्हते हो. मी ते..." 

"गायीला घालतीस. दिसतंय की खिडकीतनं."

"दिसत होतं? मग कशाला ठेवत होता?"

"एक दिवस खाशील म्हणलं."

सात महिने. रोज दोनदा. मोजून मापून दिलेल्या ताटातनं, भूक लागलेली असताना, माझे टोमणे ऐकत. मी तिथं दवाखान्यात पदर तोंडात धरून रडले. शेजारच्या कॉटवरच्या बाईला वाटलं, ह्यांचं काही बरंवाईट आहे.

घरी आल्यावर मी लगेच उपाय काढला. माझ्यासारखी शहाणी मीच! दुसऱ्या दिवशी ह्यांच्या ताटात मोजलेल्या भाकरीपेक्षा चतकोर जास्त वाढला. म्हणजे ते माझं ठेवतील, मी ते खाईन, आणि त्यांच्या पोटात बरोबर जाईल तेवढं जाईल. खणांचं ताटही ठेवून दिलं, जुनं सपाट काढलं. ते जेवून उठले आणि मी ताट बघितलं, तर कडेला अर्धी भाकरी! विचारलं तर म्हणाले, "आज जास्त वाढलीस. म्हणलं, तुला भूक असंल." त्याच दुपारी परत घाम फुटला, हात कापायला लागले. मी साखरेचं पाणी पाजलं. मी जेवढं वाढवीन तेवढं हे माझ्या वाटणीला टाकणार, हे मला तेव्हा कळलं. ह्या माणसाला आपला हिस्सा कधी धरताच आला नाही. आता त्याच्या पायाचा आणि जिवाचा प्रश्न होता.

म्हणून दुसऱ्या दिवशी मी ताट वाढलं आणि तिथंच उभी राहिले. सांगायचं काय ते रात्रभर ठरवलं होतं, पण तोंड उघडलं तर ठरवलेलं एकही आलं नाही. म्हटलं, "आता माझ्यासाठी ठेवायचं नाही."

त्यांनी चतकोर मोडलेला होता. हातातच होता.

"काहीच न्हाई?"

"काहीच नाही. सगळं संपवायचं. डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय."

त्यांनी माझ्याकडं बघितलं. छत्तीस वर्षांत त्यांनी माझ्याकडं किती वेळा बघितलं असेल कुणास ठाऊक, पण हे बघणं मला पुरून उरलं. मग तो चतकोर त्यांनी भाजीला लावला आणि खाल्ला. शेवटी बोटानं ताट पुसून घेतलं. मी ताट मोरीत नेलं. त्यात धुण्यासारखं काही नव्हतं. तरी मी ते दोनदा घासलं.

जखम भरली. अंगठा राहिला, पाय राहिला. शुगर आता जिथं हवी तिथं असते. मुलगी फोनवर म्हणते, "आई, तू कमाल केलीस!" ती सुट्टीला आली तेव्हा तिनं आम्हाला जेवणाचं टेबल घेऊन दिलं. म्हणाली, दोघं समोरासमोर बसून जेवा, सोपं आहे. आम्ही करून बघितलं. भाकऱ्या आधी करून ठेवायच्या, दोन ताटं मांडायची. पण हे बसले की हात सवयीनं चतकोर मोडायचा, वरच्या कडेकडं जायचा, अर्ध्यात थांबायचा. मग माझ्याकडं न बघता तो तुकडा तोंडात जायचा. रोज तेच. माझ्या घशाखाली घास उतरेना. आठ दिवसांनी मी म्हटलं, गार भाकरी मला सोसत नाही, तुमचं झाल्यावर मी माझी गरम थापून खाईन. ते म्हणाले, "बरं."

तेव्हापासून मी परत दाराआड.

आमच्या कन्नड माणसांत भेटेल त्याला विचारायची एक रीत आहे, "ऊटा आतेन?" म्हणजे जेवण झालं का. उत्तराकडं फारसं कुणाचं लक्ष नसतं, ख्यालीखुशालीच ती. हे एवढे मुखदुर्बळ, पण एवढं मात्र सगळ्यांना विचारतात. दूधवाल्याला, पोस्टमनला, लाईटचं मीटर बघायला येतो त्याला. मला तेवढं कधी विचारलं नव्हतं. काय विचारायचं, माझं जेवण तर त्यांच्याच ताटात असायचं.

आता विचारतात. दोन वाजले की कॉटवरून हाक येते, "ऊटा आतेन?" मीटरवाल्याला विचारतात त्याच आवाजात.

"आत्री," मी आतून म्हणते. झालं म्हणून.

परातीत माझ्या भाकरीचं पीठ अजून कोरडंच असतं.